नायकाचा मोडका कान

पुण्याहून एक मुलगी आमच्या कसबा बावड्याच्या घरी आली, तेव्हा मला वाटलं, सिनेमाच्या जुन्या बॅनरबद्दल विचारायला आली असेल. वडील जन्मभर पेंटर. दुकानांच्या पाट्या, थिएटरबाहेरची बॅनरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, सगळं त्यांनी रंगवलेलं. मुलीनं चहाचा घोट घेतला आणि वडिलांना म्हणाली, "काका, मी शृंगारिक चित्रकथांच्या इतिहासावर डॉक्युमेंटरी करतेय. पूर्वी स्टँडवर कागदात गुंडाळून विकायचे, त्या. त्यातल्या काही तुम्ही काढलेल्या आहेत ना?"

मी शाळेत शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. माझ्या हातातली बशी कलंडली. वडिलांनी मात्र शांतपणे चष्मा पुसला.

"काढल्यात की. तुम्हांस्नी कसं कळलं?"

"अक्षरांवरून. तुमचा 'ळ' कुठंही ओळखू येतो."

झालं. आपला 'ळ' कुणीतरी ओळखला म्हटल्यावर वडील इतके खूश झाले की पुढचं सगळं त्यांनी आपण होऊन सांगून टाकलं. मी स्वयंपाकघरात आईकडे धावले. ती मेथी निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"व्हय. लगीन झाल्यावर पैली दोन वर्सं त्याच्यावरच चूल पेटत हुती."

"आणि सिनेमात आपलं आडनाव आलं तर?"

"येऊ दे की. चोरीमारी केली न्हाय त्यांनी."

शूटिंग आमच्या अंगणातच झालं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसले. बायका कुणाला बघून काढायचात, या प्रश्नावर "कॅलेंडरं बघून" असं त्यांनी तडक सांगितलं. पुरुष? तिथं मात्र ते अडखळले. "आपलं हेच... डोक्यातनं," म्हणाले आणि पाणी मागितलं.

काही महिन्यांनी त्या मुलीनं कोल्हापुरातच एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं ठरवलं. आईनं मुरगूडला फोन लावून भावाला आणि वहिनीला बोलावलं. वडील चुळबुळ करायला लागले. "त्यास्नी कशाला तरास? दूध संस्थेची कामं असत्यात."

"माझ्या नवऱ्याचा सिनेमा लागलाय, आन् भाऊ नको?" आई म्हणाली. विषय संपला.

मामा पांढरी टोपी, कडक इस्त्री अशा थाटात पहिल्या रांगेत बसले. शेजारी मामी. सुरुवातीला जुने छापखाने, शिशाचे खिळे जुळवणारे म्हातारे असं काहीबाही आलं. मग वडील दिसले, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मग पडदाभर त्यांची चित्रं. कंदिलाच्या उजेडात पाठमोरी उभी असलेली, खांद्यावरून पदर ढळलेली बाई, आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेला उघडा, पिळदार गडी. हॉलमध्ये एकदम सगळ्यांना खोकला आला. मी मान खाली घालणार, तेवढ्यात त्या गड्याचा डावा कान दिसला. कुस्तीत मोडून गोळा झालेला. असा कान आमच्या सगळ्या नात्यात एकाच माणसाला आहे.

पुढच्या चौकटीतही तोच कान. त्याच्या पुढच्याही.

मामांचा हात आपल्या डाव्या कानाकडे गेला. दिवे लागल्यावर ते उठले आणि वडिलांसमोर जाऊन उभे राहिले.

"दाजी, तालमीची पाटी रंगवायची हाय म्हणून बसवलं हुतं मला."

"पाटीबी रंगवली की, पावणं," वडील पुटपुटले.

"तीत माझं टक्कुरं कुठं हुतं?"

वडील चष्मा पुसायला लागले. आई पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, आता नातं तुटतंय. तेवढ्यात मामी पुढं झाल्या.

"ते ऱ्हाऊ द्या. ह्या माणसानं माझ्याकडं एवढ्या मायेनं कवा बघितलं न्हाय. समोर कोण बसवली हुती, तेवढं सांगा."

"कोण न्हाय वो!" वडील घाईनं म्हणाले. "आत ही भाकरी थापत हुती. तालमीतनं भुकेजून आलेलं पावणं चुलीकडं बघत बसायचं. तेवढी नजर मी उचलली."

मामी हसायला लागल्या त्या थांबेनातच. आईनं त्यांचा हात धरला आणि तीही हसत सुटली. मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मिशीखाली त्यांचंही हसू फुटलं. ती पुण्याची मुलगी मात्र भेदरून उभी होती. "काका, तुम्हाला नको असेल तर ती चित्रं काढून टाकते मी," ती मामांना म्हणाली.

"काढू नगासा," मामा म्हणाले. "दंड झ्याक आल्यात. फकस्त मुरगुडात दावू नगा, संस्थेची निवडणूक हाय."

बाहेर पडून आम्ही सगळे मिसळ खायला गेलो. मामा आणि वडील शेजारी बसून कुठलीशी जुनी कुस्ती आठवत मोठमोठ्यानं बोलत होते. समोरच्या बाकावर मामी मला हळूच विचारत होत्या, असलं एखादं पुस्तक अजून घरात असलं तर बघायला मिळंल का म्हणून.