मावससासऱ्यांचं निर्मळ रक्त

स्वतःच्या रक्ताच्या इतक्या प्रेमात पडलेला माणूस अख्ख्या नव्या मुंबईत शोधून सापडणार नाही. हे माझे मावससासरे, म्हणजे बायकोच्या मावशीचे यजमान. खाडीकाठच्या गावातली शेती गेली, कामोठ्यात इमारत उभी राहिली, भाडेकरू आले, गाडी आली. पण काकांना अभिमान यातल्या कशाचाच नव्हता. अभिमान होता तो फक्त रक्ताचा. "आमच्या रक्तात रोग नाय. कोनाला पन इचारा," हे वाक्य ते बारशालाही म्हणत आणि तेराव्यालाही. विचारायला कोणी जात नसे, कारण विचारावं असे त्यांचे बहुतेक नातेवाईक दमा, मधुमेह नाहीतर हृदयविकारानं आधीच गेले होते. काकांच्या मते तो 'वयाचा दोष'.

घरात कोणी शिंकलं तर त्याचा उगम काका पाच मिनिटांत मावशींच्या माहेरी नेऊन पोचवत. मुलीला, प्राचीला, चष्मा लागला तो मावशींच्या बापामुळे. स्वतःला टक्कल पडलं तेव्हा तर मावशींच्या भावाला टक्कल आहे, अशी आठवण त्यांनी मलाच करून दिली. मी म्हटलं, "काका, मेहुण्याचं टक्कल तुमच्या डोक्यावर कसं येईल?" त्यावर त्यांनी सिगारेटचा धूर माझ्या तोंडावर सोडला आणि म्हणाले, "लगीन झाल्यापासून तिच्याच हातचं जेवतोय ना!" अशा माणसाशी वाद कोण घालणार? लग्नं जुळवताना तर ते जनावरांच्या बाजारात आल्यासारखे वागत. एका भाच्यासाठी चांगली मुलगी सांगून आली होती. तिची आई चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती, कारण संधिवातानं तिची बोटं वाकली होती. "हे रक्तात उतरतं," असा निवाडा देऊन काका पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. त्या बाईंनी आपले हात पदराखाली घेतले. मला इतकी लाज वाटली की जिन्यात मी काकांच्या बरोबर उतरलोसुद्धा नाही.

पुढं काकांनीच काही चमत्कारिक सवयी लावून घेतल्या. बटणांचे शर्ट गेले, झब्बे आले. "आता वय झालं, साधं ऱ्हायचं," म्हणाले. हस्तांदोलन बंद झालं. कोणी हात पुढं केला की लांबूनच मान लववायची. उन्हाळ्यातही हात खिशात. जेवणही एकट्यानं, आपल्या खोलीत. सकाळी नऊच्या आत कोणाला भेटायचं नाही, कारण म्हणे तोवर पूजा चालते. आम्हाला वाटायचं, पैशाबरोबर आलेला तोरा वाढला. खरं कारण मावशींना माहीत होतं, पण काकांनी त्यांना शपथ घातली होती.

मग प्राचीची बोटं आखडायला लागली. ऐरोलीतल्या ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवणारी ही मुलगी सकाळी उठल्यावर ब्रशसुद्धा धरू शकेना. तिला वाटलं, कामाचा ताण असेल. त्या समजुतीत बरेच महिने गेले. शेवटी माझी बायको तिला वाशीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. "घरात कोणाला संधिवात?" बाईंनी विचारलं. प्राची बापाच्याच थाटात म्हणाली, "छे! आमच्या रक्तात रोग नाही." तपासण्या झाल्या आणि आमवात निघाला, म्हणजे संधिवाताचाच एक प्रकार.

काका पेटले. "रिपोर्ट चुकलाय! लॅब बदला! तिच्या आयेच्या काकीचं हाय हे!" डॉक्टरीणबाईंना फैलावर घ्यायला म्हणून ते निघाले. हल्ली ते स्वतः गाडी चालवत नसत, म्हणून गाडी माझी आणि मीही होतो; प्राचीही बरोबर होती. काका आत शिरले, खुर्चीत बसले आणि हात खिशात ठेवूनच तोंडाचा पट्टा सुरू केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, हात टेबलावर ठेवा."

"माझे कशाला? पेशंट ती हाय."

"ठेवा."

खूप वेळानं ते हात वर आले. पेरं सुजलेली, बोटं एका बाजूला कललेली. मी इतकी वर्षं ओळखत असलेल्या माणसाचे हात पहिल्यांदाच नीट पाहिले. प्राचीनं तर तोंडावर हात धरला.

"बाबा, कधीपासून?"

"तुझी बारावी होती तवापासून."

"आणि सांगितलं नाही?"

"तुझं लगीन व्हायचंय ना," काका पुटपुटले. "लोक बोलतील, रक्तात हाय."

मग त्यांनी बाईंना विचारलं, "म्हंजे मीच दिलं तिला?" हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "एका जनुकामुळे हा आजार होत नाही. शक्यता थोडी थोडी वाढवणारे पुष्कळ फरक असतात. काही तुमच्याकडून गेले असतील, काही आईकडून. ते असूनही बहुतेकांना काहीच होत नाही. कोणाला किती जोरात होईल, यातही त्यांचा थोडा वाटा असतो. वर तुमची ही सिगारेट, वास येतोय. तसं रक्त असलेल्याला ती जास्त महागात पडते. रक्तातून काय द्यायचं हे तुम्ही ठरवलं नव्हतं, काका. पण सांगितलं असतंत, तर ही मुलगी लवकर आली असती. ते तुमच्या हातात होतं." आणि प्राचीकडे वळून म्हणाल्या, "तुझे सांधे अजून चांगले आहेत. औषध चुकवू नकोस."

प्राची परतीच्या वाटेवर बापाशी एक शब्द बोलली नाही. पुढंही कितीतरी दिवस बोलली नाही, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

आता तिची बोटं सकाळी मोकळी असतात. काकांची वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, फक्त दुखणं कमी झालंय. सिगारेट सुटली, बडबड सुटली नाही. सोसायटीच्या बागेत दिसेल त्याला थांबवून ते विचारतात, "सकाळी बोटं आखडतात काय? लाजू नको, दाखव." लोक त्यांना पाहून वाट बदलतात. प्राचीला पाहायला आलेल्या पहिल्याच मंडळींपुढं त्यांनी आपण होऊन दोन्ही हात उघडे धरले आणि सगळं सांगून टाकलं. मंडळी चहा पिऊन गेली ती गेलीच. काका दारात उभे होते. आत प्राची माझ्या बायकोला त्या मुलाच्या मामाची नक्कल करून दाखवत होती आणि खदखदून हसत होती.

"जावय," काका हळूच म्हणाले, "ही हसते ना, ती माझे आयेसारखी हसते. ते पन रक्तातूनच आलं असंल ना?"

मी म्हटलं, "हो, काका. तिथूनच आलं असणार."