पेट्रोलच्या काट्यावर ठेवलेला विश्वास

त्या गाडीतला पेट्रोलचा काटा आठवला की आजही मला माझाच राग येतो.

संभाजीनगरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिवेलागणीला एक व्यापारी आपल्या ड्रायव्हरला दंडाला धरून आत आला. व्यापाऱ्याचे वडील, ऐंशीच्या पुढचे, सकाळपासून बेपत्ता होते. ड्रायव्हरने त्यांना पडेगावात लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि दिवसभर रस्त्याकडेला गाडी लावून थांबला. संध्याकाळी आणायला गेला, तर लेकीच्या घराला कुलूप. ती सकाळीच परगावी गेली होती.

"साहेब, सकाळी टाकी फुल होती, मी स्वतः पाहिली," व्यापारी म्हणाला. "आता काटा अर्ध्यावर आहे. गाडी हलली नाही म्हणतो, मग पेट्रोल काय हवेत उडालं?"

किलोमीटरचा आकडा कधीचाच बंद होता. बाहेर गाडी दिवे लावलेलीच उभी होती. हवालदाराने वाकून पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं, काटा अर्ध्यावर. मी सही ठोकली.

दुसरा सगळा दिवस मी ड्रायव्हरला बसू दिलं नाही.

"कुठं टाकलंस म्हाताऱ्याला?"

"साहेब, आईच्यान, म्या गाडी हलवलीच नाय. आबाला देवगाव रंगारीच्या मळ्याचा लई ध्यास हाय. मळा इकला तरी रोज त्येच बोलत्यात. एसटीनं तिकडंच गेले असतील. माणूस तर धाडा!"

मला वाटलं, लेकाचा आपल्याला भलतीकडं पळवतोय. अर्धी टाकी म्हणजे गाडी कन्नडच्या घाटापर्यंत जाऊन आली असणार. सगळी माणसं मी घाटात उतरवली. देवगावला साधा फोनही केला नाही. स्वतःला फार हुशार समजत होतो मी!

घाटात काहीच सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तपासावी म्हणून मी आत बसलो, किल्ली फिरवली. काटा फुल होता.

समोरच्या गॅरेजमधल्या बुजुर्ग मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टाकीत काठी घालून पाहिली, टाकी जवळपास भरलेली. मग म्हणाले, "साहब, जरा दिवे लावा." दिवे लावताच काटा सरकत अर्ध्यावर आला.

"पीछे काम झालंय का?"

तपासाचं विचारायला आलेला व्यापारी म्हणाला, मागून ठोकर बसली होती, आठवड्यापूर्वीच शोरूमच्या वर्कशॉपमधून आणली. मिस्त्रींनी डिकीतलं अस्तर उचललं. टाकीची आणि मागच्या दिव्यांची अर्थिंगची वायर नव्या रंगावरच कसलेली होती. "रंगावर वायर नीट टेकत नाही, मग दिवे लागले की काटा खोटाच खाली येतो. रंग खरवडायला पाहिजे होता. नंगे लोखंड को लगेगा तभी काटा सच बोलेगा." त्यांनी खरवडून वायर पुन्हा कसली. दिवे लावले, काटा जागचा हलला नाही.

हवालदार खाली बघत होता. त्याला काय बोलणार? सही माझी होती.

ड्रायव्हरला जीपमध्ये घेतलं आणि देवगाव गाठलं. विकलेल्या मळ्यात, विहिरीमागच्या पडक्या खोपीत आबा पडले होते. अंगात ताप, ओठ फुटलेले, आवाज जेमतेम. पोलिसांना पाहून ते आक्रसले. ड्रायव्हरने मात्र त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीतलं पाणी थोडं थोडं पाजलं. आणखी एक दिवस निघाला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

पुढं नोकरीत मी कुठलाही आकडा, कुठलंही मीटर स्वतः तपासल्याशिवाय कागदावर येऊ दिलं नाही. खालची माणसं कंटाळायची, कंटाळू देत. समोरचा माणूस गयावया करून एकच गोष्ट सांगत असेल, तर निदान एक फोन करून बघायचा, ही अक्कल मला त्या दिवशी आली. पण त्या खोपीत मला जे बोलायला हवं होतं, ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.

आबांनी डोळे उघडले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "लई उशीर केलास रे."

माझ्यासमोर, आदला सगळा दिवस उभं राहून सुजलेल्या पायांनिशी तो म्हणाला, "व्हय आबा. चुकलंच माझं."