मामांच्या दुखण्याची घासाघीस

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात समोरच्याचा पहिला शब्द कधी शेवटचा मानला नाही. नाशिकबाहेरच्या मळ्यात झेंडू पिकवणारा हा गृहस्थ रिक्षावाल्याशी तर घासाघीस करीच, पण सत्यनारायणाची वेळ गुरुजींनी साडेदहा सांगितली की मामा ती दहावर आणून सोडत. वर स्वतः अकराला येत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीवर डावीकडे नागीण उठली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भावकीने गेरू लावला, आणि फोड सुकल्याचं श्रेय अर्थातच गेरूला गेलं. नसांचं दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. सदऱ्याचं कापड घासलं तरी मामा कळवळत, म्हणून ते सदरा एकाच बाहीत घालून गावभर हिंडत. "जखम नाय, सूज नाय, फोटोत बी काय दिसत नाय. लोकांना दाखवू काय?" हा त्यांचा सवाल होता. पण खरा घाव वेगळाच होता. मनमाडची चार वर्षांची नात धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली आणि मामा असे किंचाळले, की पोर दाराआड जाऊन बसली. त्यानंतर ती त्यांच्या मांडीवर आलीच नाही.

तिच्यासाठी म्हणून मामा माझ्याबरोबर शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे आले. "शून्य ते दहा, किती दुखतं?" बाईंनी विचारलं. मामा म्हणाले, "दहा." बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या खेपेला दहा, त्यापुढच्याही खेपेला दहा. गोळी वाढत गेली आणि मामा झेंडू तोडता तोडता सरीतच घोरू लागले. शेवटी मी खोदून विचारलं.

"खरं म्हनाल तर सहाच हाय जावईबापू. पन पयलेच सहा सांगितले तर बाई चारवर आनतील ना!"

पुढच्या खेपेला मामांसमोरच मी हे बाईंना सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "मामा, कमी करायचं काम गोळीचं आहे, माझं नाही. तुम्ही खरं तेवढं सांगा," म्हणाल्या आणि त्यांनी गोळी उतरवली. दुखणं पुरतं जाईलच असं नाही, पण त्याच्यासह नीट जगता येईल, हेही समजावलं. तेव्हापासून मामा खरं बोलू लागले. घरच्यांना काळजीच वाटली.

दिवाळीत नात आली. दोन्ही बाह्या घालून ओट्यावर बसलेल्या मामांनी हात पसरले. "ये गं, आता लय नाय दुखत." ती आली, मांडीच्या अगदी काठावर बसली आणि अंग चोरून म्हणाली, "आजोबा, मी लागत नाही ना तुम्हाला?"

मामांनी तिला छातीशी ओढून घेतलं. त्यांचा चेहरा क्षणभर पिळवटला, पण हात सैल झाला नाही. ती मात्र श्वास रोखून, हलायचं नाही म्हणून ताठच बसून राहिली.

"लय लवकर शानी केली हो मी पोरीला," मामा मला म्हणाले.