मुद्देमालातल्या बारा कुप्या

चिनी युद्धानंतर सरकारने औषधांचे भाव गोठवले, त्या काळातला हा गुन्हा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी मालवणला फौजदार होतो. दुकानात भावांची यादी लावायची, जास्त घेतल्यास गुन्हा, असा हुकूम होता. मला तो मनापासून पटला होता.

एका सकाळी शाळेतले एक ख्रिस्ती मास्तर ठाण्यात आले. बायकोला क्षय होता आणि सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं आली नव्हती.

"साहेब, बाजारातला औषधवाला पुढच्या दाराला 'संपलं' म्हणतो आणि मागच्या दाराने तिप्पट भावाने देतो. कायदा आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

नोटांचे नंबर टिपून मी मास्तरांनाच पाठवलं आणि व्यवहार होताच पंचांसह आत शिरलो. दुकानामागच्या खोलीत पलंगाखालच्या पेटीत इंजेक्शनच्या बारा कुप्या मिळाल्या. पंचनामा करून लाखेची मोहोर लावली.

परवाना जाईल म्हटल्यावर दुकानदार बोलला, "मुंबयचो घाऊक व्यापारी यादीच्या भावान देणा नाय. वरचे पैशे बिनपावतीचे मागता. यादीप्रमाणे इकलंय तर दुकान बंद करूक व्हया."

त्याने व्यापाऱ्याचं नाव दिलं. खरा माणूस सापडला असं मला वाटलं. मुंबई पोलिसांना अहवाल पाठवला, मागून दोन स्मरणपत्रं. उत्तर आलं नाही.

चार दिवसांनी मास्तर परत आले. छाप्याच्या धसक्याने सगळ्याच दुकानदारांनी ते इंजेक्शन ठेवणं बंद केलं होतं.

"त्या बारांतल्या थोड्या द्या, साहेब. यादीच्या भावाने पैसे भरतो."

"मुद्देमाल आहे, मास्तर. कोर्टाच्या हुकुमाशिवाय मोहोर फोडता येत नाही."

मी कोर्टात अर्ज केला. कोर्टाने आधी औषधाच्या तपासणीचा अहवाल मागवला. तो यायच्या आत बाई गेल्या.

दुकानदाराला दंड झाला, तो त्याने त्याच दुपारी भरला. मास्तरांनी साक्ष खरी दिली. कोर्टाबाहेर मी त्यांच्याजवळ गेलो. माझ्याशी नेहमी शुद्ध बोलणारे मास्तर म्हणाले, "तुमी कायद्यान वागलात. माका पण कायदोच बरो वाटलेलो. तिप्पट देत होतंय तोपर्यंत ती जिती होती, इतक्याच."

भाव बांधणाऱ्यांनी माल कुठून येणार याचा विचार केला नव्हता. छापा घालताना मीही केला नाही. वर्षअखेरीचा अहवाल मीच लिहिला: या हद्दीत क्षयाचं इंजेक्शन यादीपेक्षा जास्त भावाने विकलं जात नाही. त्यात खोटं काही नव्हतं. विकायला ते उरलंच नव्हतं.