पेडगावच्या अलीकडचा पूल

लुधियान्याच्या डॉक्टरांनी माझ्या भावाला बाजूला घेतलं आणि "बाबांना आता घरी न्या" म्हणून सांगितलं. भाऊ म्हणाला, "घर तर इथंच हाय, दोन गल्ल्या सोडून." तो तिथल्या कारखान्यात फिटर. आई गेल्यावर दीड वर्षापूर्वी त्यानं बाबांना तिकडं नेलं होतं. मी परभणीहून भेटायला गेले तर बाबांनी मला बघितल्याबरोबर एकच धोशा लावला. "बाई, मला परभणीला ने. हितं न्हाई मरायचं मला." मी नेते म्हणाले. भाऊ लय चिडला. "वाटंत काही झालं तर तुझ्या माथी," असं तोंडावर बोलला, आणि तरी रजा टाकून सोबत निघाला.

बाबा रेल्वेत गँगमन होते. मानवत रोड ते परभणी, एवढ्याच टप्प्यात त्यांची हयात गेली. खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं चालायचं, सैल झालेलं ठोकून बसवायचं, वाजवून बघायचं. कान असा तयार झालेला की गाडीत डोळे मिटून सांगायचे, आता फाटक गेलं, आता पूल आला. म्हणूनच एसीचं तिकीट काढू दिलं नाही. "त्या बंद डब्यात रूळ कुठं ऐकू येतो? मढं नेल्यावानी नेऊ नका मला." झालं! डिसेंबरच्या थंडीत स्लीपरची खालची बर्थ, खिडकी चार बोटं उघडी, आणि कानटोपी वर सरकवून एक कान उघडा ठेवलेले बाबा.

बाहेर इतकं धुकं की फलाट दिसेना. गाडी निघाली हे मला कळलंच नाही. बाबांना कळलं.

अंबाला, दिल्ली, आग्रा, झाशी. देश संपता संपेना. बाबांचा डोळा लागला की मी त्यांच्या छातीकडं बघायची, हलतीय का. नखं निळसर व्हायला लागली होती. समोरच्या सरदारीण आजीनं आधी आम्हाला पराठे दिले, मग बाबांकडं नीट बघितलं आणि आपल्या नातीला वरच्या बर्थवर पाठवून दिलं. टीसी आला. "पेशंट?" म्हणाला. "काही झालं तर मला सांगा, पुढच्या स्टेशनला उतरवून घेतील." उतरवून घेतील म्हणजे कुठंतरी परक्या गावात, परक्या पोलिसांच्या पुढ्यात. भाऊ माझ्याकडं बघत होता.

भोपाळ मागं पडल्यावर बाबांनी विचारलं, "कुठं आलो?"

भावाला वाटलं, तेवढाच धीर. "जालना गेलं की, बाबा."

"गप ए! घाट उतरायलीय गाडी. जालन्याला कुठला आला घाट? मला येडं समजायलास का?" मग माझा हात चाचपडत धरला. "बाई, तू मास्तरीण हाईस. तू न्हाई खोटं बोलायचीस. पेडगावच्या अलीकडचा माझा पूल वाजला की मी आलो बग. तेवढा कानावर पडू दे. मग माझं काई म्हणणं न्हाई."

तो पूल आता नव्हता.

छोटासाच होता, एका नाल्यावरचा, लोखंडी. गाडी वर आली की धाडधाड वाजायचा. यंदाच्या उन्हाळ्यात तो काढून सिमेंटचा केला. सेलूला जाता-येताना मी स्वतः बघितलेला. बाबा फोनवर विचारायचे, "पूल कसा हाय गं माझा?" मी म्हणायची, "हाय की तिथंच." म्हाताऱ्याच्या जिवाला कशाला लावायचं, असं वाटायचं मला. म्हणजे भाऊ पकडला गेला, मी पकडली गेले नव्हते, एवढाच काय तो फरक.

मनमाडला फलाटावर उतरून मी भावाला सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "आता सांगू नको, ताई. तेवढ्यावर जीव धरून हायेत ते. पूल न्हाई म्हणलीस तर हितंच सोडतील." मला त्याचा राग आला, कारण त्याचं खरं होतं. जालन्याला मी तरी तोंड उघडलं. "बाबा, एक सांगायचं राहिलंय." बाबांनी बोट वर केलं. "थांब. ऐकू दे. आता आपलं आलं." दीड दिवसात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली. ती बघून मी खिडकी आणखी दोन बोटं उघडली.

भर दुपारची वेळ. सेलूच्या फाटकावर कापसाच्या गाड्या अडलेल्या. आम्ही काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "सेलू." मानवत रोडही त्यांनीच ओळखलं. मग डोळे मिटून माझा हात घट्ट धरला. इतका जोर त्यांच्यात कुठून आला कोण जाणे. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होते. मी खिडकीतून बघत होते. नाला दिसला. पांढरं सिमेंट दिसलं. गाडी वरून गेली आणि काहीच वाजलं नाही.

बाबा वाट बघत राहिले.

पेडगावची पाटी गेली. माझ्यानं राहवेना. "बाबा, पेडगाव गेलं. परभणी आलीच आता."

"पूल कुठं वाजला?"

"बाबा, तो पूल काढला हो. उन्हाळ्यातच काढला. सिमेंटचा केलाय, तो वाजत नाही. माझं चुकलं, मी आधी सांगायला पाहिजे होतं. पण पेडगाव खरंच गेलं, बाबा."

त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "तू बी, बाई?"

आणि माझ्या हातातून हात काढून घेतला.

भाऊ खाली बसून शपथा घ्यायला लागला. आईची, स्वतःच्या लेकरांची. "ह्या टायमाला खरंच हाय, बाबा! डोळे उघडून बगा तरी!" मी त्यांच्या छातीकडं बघत होते. सगळा देश ओलांडताना बघत आले होते तशीच. सिग्नलपाशी गाडी जराशी थबकली, तेव्हा छाती हलत नव्हती. समोरच्या आजीनं ओढणी डोक्यावर घेतली. भाऊ अजून शपथा घेतच होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःचा इतका संताप आला की रडू सुद्धा येईना.

गाडी फलाटाला लागली. मी फोन करून बोलावलेले बाबांचे गँगमधले एक जुने जोडीदार व्हीलचेअर ढकलत डब्यामागं डबा बघत येत होते. भोंग्यातून गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईचा आवाज सुरू झाला. गाडीचा नंबर, मग फलाटाचा, मग गावाचं नाव. बाबांचा उघडा कान खिडकीकडंच होता. मी त्या कानाशी वाकले आणि सगळ्या डब्यात ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "बाबा, ती परभणी म्हणायलीय बघा. माझं राहू द्या. तिचं तरी ऐका."