लिंबाखालची वार
दोन हजार एकोणीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि न्यूझीलंडमधल्या आमच्या पापाटोएटोच्या घरामागचं लिंबू फुललं की त्या वासासरशी मला त्या वर्षीची ती दुपार आठवते. पोरीचं पहिलं सिझेरियन झालेलं, दुसऱ्या खेपेला तिला नैसर्गिक बाळंतपण हवं होतं. दवाखान्यात जावई तिच्यापाशी आत, मी खोलीच्या दाराबाहेर. नर्सने खुर्ची दिली, तर पोरगी सुटल्याशिवाय बसणार नाही म्हणालो. आतलं ओरडणं एकदम थांबलं तेव्हा वाटलं, सुटली. पण बाळाचं रडणं काही येईना, आणि तिचा पलंगच धावत बाहेर आला. पांढरीफटक पडलेली पोरगी म्हणाली, "बाबा, कळा थांबल्या, पण दुखणं थांबत नाही हो." बरोबरची डॉक्टर नागपूरकडची, पळता पळता म्हणाली, "काका, जुन्या टाक्यावर गर्भपिशवी फाटलीय. आत रक्त वाहतंय, बाळाचे ठोके मंदावलेत. लगेच पोट उघडायचं. पिशवी शिवता आली तर शिवू, नाहीतर काढू." "काढ खुशाल, पण माझी पोर परत आण," मी दरडावलं, आणि भिंत धरली. किती वेळ गेला देव जाणे. मग तीच डॉक्टर बाहेर आली. "दोघंही आहेत, काका. पिशवीही वाचली. आता तरी बसा!" मी उभाच; वार मातीत जाईपर्यंत पोरगी पुरती सुटली असं मला वाटेना. इथले मूळ रहिवासी माओरी आपल्यासारखीच बाळाची वार मातीत पुरतात, म्हणून दवाखान्याने ती डब्यात घालून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाला कुदळीला हात लावू न देता मी लिंबाखाली खड्डा खणला, वार पुरली, आणि मग तिथेच मातीत बसलो.