खणखणमामांचे कान

कारखान्याच्या ओतीव लोखंडाचे भाग घासणाऱ्या त्या खात्यात शेजाऱ्याशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागे. तरीही तिथले सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे एका माणसाचे कानच होते. जेवणाच्या सुटीत यंत्रे थांबली की खणखणमामा ग्राइंडरचे नवे दगडी चाक बोटावर टांगत आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकत. खणखणीत वाजले तर ते यंत्रावर चढे. बद्द वाजले तर आत चीर आहे असे समजून तिथेच फोडले जाई. चिरलेले चाक वेगात फुटले, तर तुकडे समोरच्याच्या चेहऱ्यात घुसतात. बावीस वर्षांत एकही फुटले नव्हते.

कानात बोळे घालायला मात्र मामा कधीच तयार झाले नाहीत. "जिभेला फडकं बांधून कुणी चव घेतं का?" असे ते विचारत. ज्या कानांवर साऱ्यांचा जीव अवलंबून, ते झाकून चालणार नाही, ही त्यांची समजूत चुकीची होती. पण ती दूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही. बोळ्यांचा डबा सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कपाटात असे, आणि कपाट उघडले जाई ते सरकारी निरीक्षक येणार असले की.

पहिली तक्रार केली ती हातांनी. यंत्राच्या कंपनाने गारठ्याच्या सकाळी बोटे पांढरीफटक पडत; शर्टाची बटणे बायको लावून देई. मग कानांची पाळी आली. ती ओरडे, "अहो, चारदा सांगितलं, गॅस बंद करा. तुमच्यापेक्षा कुकर बरा, निदान शिट्टी तरी देतो!" मामा हसत. त्यांना अर्धेच ऐकू आलेले असे.

कानांची वार्षिक चाचणी कॉम्प्रेसरला लागून असलेल्या खोलीत होई. परिचारिका बटण दाबे. आवाज ऐकू आला की बोट वर करायचे. मामा तिच्या अंगठ्याकडे बघत. अंगठा हलला की बोट वर. नापास झाले तर चाकांचे काम जाणार, आणि त्याबरोबर नावही. नऊ वर्षांचे नऊ कागद झाले, प्रत्येकावर 'सामान्य'.

यंदा मामांनी ठोकून पसंत केलेले चाक न्यायला त्याच खात्यात काम करणारा त्यांचा मेहुणा आला.

"दाजी, परत वाजवा."

त्यांनी वाजवले. "खणखणीत आहे की."

"बद्द आहे हो!" म्हणत मेहुण्याने चाक फोडले. कडेपासून भोकापर्यंत जुनी, काळपट चीर होती. ते चढणार होते त्याच्याच यंत्रावर.

मामा तडक सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. "साहेब, माझे कान गेलेत. पुन्हा तपासा. चाकं दुसऱ्याकडे द्या."

साहेबांनी नऊ कागद पुढे टाकले. "नऊ वर्षं ठणठणीत, आणि आज एकदम गेले?"

"मी बाईंच्या अंगठ्याकडे बघत होतो."

"हे बाहेर बोलू नका. फसवणूक ठरेल."

मामांनी फारच हट्ट धरला, तेव्हा पुन्हा चाचणी झाली. या वेळी त्यांनी स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवली. हात मांडीवर होता. तो शेवटपर्यंत उचलला गेला नाही. तीन दिवसांनी निकाल आला : 'शेजारील कॉम्प्रेसरच्या आवाजामुळे चाचणी अग्राह्य. पूर्वीचा निष्कर्ष कायम.' खोली तीच, कॉम्प्रेसर तोच. पास होताना मात्र तो कोणाला ऐकू आला नव्हता.

मामांनी पेचकस मेहुण्याच्या हातात दिला. "आता तू ठोकायचं. यंत्र चालू असताना कानात बोळे, ठोकताना काढायचे. माझ्यासारखा शहाणपणा करू नकोस."

"बोळे कपाटात आहेत, दाजी. कुलपात."

"मग कुलूप निघेपर्यंत एकही चाक ठोकायचं नाही," म्हणत मामा कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसले. मेहुणाही पेचकस घेऊन शेजारी टेकला. झिजलेल्या चाकाच्या जागी न ठोकलेले चाक चढवायला कोणी धजेना. जेवणाची सुटी संपली तरी यंत्रे बंदच राहिली. साहेब दारातून हातवारे करत काहीतरी सांगत होते. मामांना ते ऐकू येत नव्हते. मेहुण्याला सगळे ऐकू येत होते, पण तोही जागचा हलला नाही.